आत्याच्या कादंबरीतला सुतार

आमची आत्या चष्म्याच्या दुकानात काम करते. बावीस वर्षं ती अनोळखी माणसांना "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" असं विचारत आलीय. माणसं गोंधळून "दोन्ही सारखंच" म्हणतात. घरी भाजीत मीठ कमी पडलं, तरी ती वरून चिमूटभर घालून त्याच सुरात विचारते, "आता बरं लागतंय, की आधीचं बरं होतं?"

दुपारच्या सुट्टीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून तिने कादंबरी लिहिली. ती छापून आली, तेव्हा मालकीणबाईंनी दुकानातच सगळ्यांना संध्याकाळी बोलावलं. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या भिंतीशी सरकवल्या, काउंटरवर केक मांडला. मालकीणबाई नाकातून बोलतात, जणू तिथे कायमचा चष्मा रुतलाय. "या हं सगळे, या! पण काचेला हात लावू नका बाई."

आत्या मात्र सकाळपासून धास्तावलेली. मला मागच्या खोलीत ओढून म्हणाली, "तू वाचून दाखवणार ना? मग नदीचा भाग वाच. फक्त नदी. इकडेतिकडे गेलीस तर बघ. दादा येणारेय."

दादा म्हणजे माझे काका. नळ दुरुस्त करतात. आजोबा गेल्यावर त्यांनीच आत्याला वाढवलं. आणि ती सतरा वर्षांची असताना तिची लिहून भरलेली वही त्यांनीच जुन्या पेपरांबरोबर रद्दीत देऊन टाकली. त्यावर घरात आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. कादंबरीत एक सुतार आहे, भल्यामोठ्या मिशांचा. तोही बहिणीची वही रद्दीत देतो. काकांना मिशा नाहीत आणि काका पुस्तकं वाचत नाहीत, या दोन गोष्टींवर आत्याची सगळी भिस्त होती. हे पुस्तक म्हणजे आपल्यावर काढलेला राग आहे, असं दादाला वाटायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

मी नदी वाचली. नदी लांबलचक होती. आई जांभई दाबू लागली.

"अगं, भांडणबिंडण नाही का त्यात?" मालकीणबाई म्हणाल्या. "काहीतरी चुरचुरीत वाच!"

मी पानं उलटली. भांडण सापडलं आणि मी सुटलेच.

"'हे बघ, सरळ गोष्ट आहे. वहीने पोट भरतं का? नाही ना? मग झालं तर!'"

शपथ घेऊन सांगते, ठरवून केलं नाही. पण ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसेचना. घोगरा आवाज, 'झालं तर'वर पाना आवळल्यासारखा झटका. काकाच! सगळे खो खो हसले. मग एकेकाचं हसू विझत गेलं. आत्याने हातातली केकची बशी काउंटरवर ठेवून दिली.

काका उठले. "मी असा नाही बोलत."

"दादा, अरे, तो सुतार आहे," आत्या पुटपुटली.

"मी आधी खाकरतो. मग बोलतो. हिला धड नक्कलही जमत नाही. आण इकडे."

त्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं. मग अजून लांब. "एवढं बारीक कशाला छापलंय?"

"बारीक नाहीये ते. चार वर्षं सांगतेय, डोळे तपासून घे म्हणून." आत्याने काउंटरमागून एक चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. तो काढून दुसरा ठेवला. "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" सवयीने तिच्या तोंडून गेलंच.

"आताचं," काका म्हणाले.

ते खाकरले आणि सुताराचं सगळं बोलणं त्यांनी वाचलं, एकही शब्द न गाळता. मग पुढचं पान. तिथे तो सुतार रद्दीच्या दुकानात जातो, गठ्ठे उपसतो. वही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. घरी मात्र काही बोलत नाही.

काका थांबले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"रद्दीवाल्याच्या बायकोने. चष्मा करायला आली होती. डोळे तपासताना माणसं बोलतात, दादा."

काकांनी चष्मा काढला, कोरा करकरीत असूनही शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"तीनदा गेलो होतो," ते म्हणाले. "तू दोनदाच लिहिलंयस."

"मला दोनदाच कळलं होतं."

"मग आता लिही."

आत्याने पावतीपुस्तकाजवळचं पेन उचललं आणि काकांच्या हातातल्या पुस्तकात, समासात लिहिलं: तिसऱ्या दिवशीही. काकांनी शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं. मग माझ्याकडे वळले.

"आणि तू गं. इथे ये. पुढचं वाच. पण सुतार सोडून. सुतार मी वाचणार."