सात लाइनी आणि शेख रहमान

साहेबांनी रहमानला चौथ्यांदा थांबवले, आणि रहमानने पाचव्यांदा पहिल्यापासून आरंभ केला.

"अरे, मी तुला फक्त तिसरी लाइन विचारली!" साहेब म्हणाले.

"हो साहेब. तिकडंच जाऊन राह्यलो. पैल्यापासून गेल्याबगर तिसरी येत नाई."

मी टेबलाच्या या बाजूला उभा होतो. अपराध रहमानचा नव्हता. तो संपूर्णपणे माझा होता.

तेव्हा इंग्रजी अमदानी होती. जऊळका आणि वाशीम यांच्यामध्ये एक लहानसे स्टेशन होते. त्याचे नाव सांगण्यात काही लाभ नाही. तेथे मी स्टेशन मास्तर होतो. माझे शिक्षण वाशीमला गुरुगृही झाले. अमरकोश, रूपावली, थोडे काव्य, आणि संध्या कधीही न चुकविण्याचा संस्कार, एवढी शिदोरी. इंग्रजी पुढे पोटासाठी शिकलो. परमेश्वराची योजना अशी, की ज्याने वेदमंत्र म्हणावेत त्याने आयुष्यभर तारयंत्राची कटकट ऐकली. त्याविषयी माझी तक्रार नाही.

शेख रहमान आमचा पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाला. रुळांना जेथे फाटा फुटतो तेथे एक सरकती जीभ असते. ती जिकडे लावावी तिकडे गाडी वळते. तिला सांधा म्हणतात. सांधा चुकला तर गाडी भलत्या रुळावर जाते, आणि तेथे दुसरे डबे उभे असले तर पुढचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. रहमानने बारा वर्षांत एकदाही सांधा चुकविला नव्हता. पण तो तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्यास सांध्यावरून काढून रूळ दुरुस्त करणाऱ्या दूरच्या गँगमध्ये धाडीत. क्वार्टरही जाई.

परीक्षा घेणारे ट्रॅफिक इन्स्पेक्टर साहेब देशावरचे होते. मनुष्य सज्जन, पण त्यांना एका प्रश्नाचा छंद होता. ते प्रत्येकास विचारीत, "स्टेशनवर लाइनी किती?" त्यांचे म्हणणे असे, की इंग्रजीतला हा एवढासा शब्द रेल्वेत निरनिराळ्या वस्तूंना लावतात. ज्याला त्या सर्व वेगवेगळ्या करून सांगता येतात त्यालाच स्टेशन कळले.

आणि ते खरेच होते. गाडी न थांबता जाते ती मेन लाइन. गाडी बाजूला घेतात ती लूप लाइन. मालाचे डबे लावतात ती साइडिंगची लाइन. खांबांवरून जाते ती तारेची लाइन. नोकरांच्या घरांची रांग हीही लाइनच. तिकिटासाठी उतारू उभे राहतात ती लाइन. आणि सर्वांत श्रेष्ठ ते लाइन क्लिअर. म्हणजे पुढच्या स्टेशनाने तारेने दिलेली अनुज्ञा, की रूळ मोकळा आहे, गाडी सोडा. मनुष्य एखाद्या खात्यात चिकटला की तोही म्हणतो, "मी या लाइनीत आहे." परंतु हा आठवा अर्थ परीक्षेत नव्हता.

साहेब येण्याच्या महिनाभर आधी रहमान माझ्याकडे आला. त्याला अक्षरओळख नव्हती.

"मास्तर, मले सगळं येते. पण साहेबानं विचारलं का डोक्यातलं पाखरू उडून जाते. घरवाली म्हणते, या खेपेले फेल झाले त मी बकऱ्या घेऊन बापाकडे जातो. अन् मास्तर, ते बकऱ्या खरंच नेईन."

मी विचार केला. ज्याला वाचता येत नाही त्याला ज्ञान देण्याचा मार्ग आपल्या पूर्वजांनी सहस्रावधी वर्षे चालविलेला आहे. मी स्नानसंध्या आटोपून बसलो आणि दोन श्लोक रचले.

मेन-लाइन् भवेदाद्या, लूप-लाइन् द्वितीयका ।
साइडिंग तृतीया स्यात्, तार-लाइन् चतुर्थिका ॥
क्वार्टराणां पुनः पंक्तिः, टिकिटार्थं तथैव च ।
लाइन्-क्लिअर् महामंत्रो, विना येन न गाडिका ॥

'गाडिका' हा शब्द कोणत्याही कोशात नाही. वृत्तासाठी गुरुजनांनी क्षमा करावी.

रहमान रोज दुपारी माझ्यासमोर मांडी घालून बसे. प्रथम तो मनात बिस्मिल्ला म्हणे, मी मनात गणेशाचे स्मरण करी, आणि मग आम्ही दोघे मोठ्याने मेन लाइनीस आरंभ करीत असू. पाठाचा नियम मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितला. पाठ मध्ये तोडायचा नाही. कोणी तोडलाच तर पुन्हा पहिल्यापासून.

"आमच्या मौलवीचाही हाच कायदा होता," रहमान म्हणाला. "मधून उचललं का छडी."

दोन्ही गुरुकुलांचे याविषयी एकमत असल्याने मला धन्य वाटले. मधूनच विचारणारा कोणी भेटेल, ही शंका आम्हा दोघांनाही आली नाही.

दुसरा सांधेवाला गोमाजी दारात उभा राहून ऐके. "रहमानभाई, तू त पुरा भटजी झाला बाप्पा! आता फक्त शेंडी ठेवाची रायली."

"शेंडीही ठेवीन," रहमान म्हणाला, "पण तुयासारका बिडीपायी सांधा सोडून जात नाई."

महिन्याअखेर पाठ असा बसला, की रहमान गाडीच्या वेळी कामावर जातानाही तो म्हणत असे. मी त्यास उत्तेजनच दिले.

आता परीक्षेकडे येतो.

साहेबांनी आल्या आल्या "लाइनी किती?" असे विचारले असते तर पाच मिनिटांत सर्व आटोपले असते. पण त्यांनी तिसरी विचारली. रहमान पहिल्यापासून निघाला. साहेबांनी थांबविले आणि सहावी विचारली. रहमान पुन्हा पहिल्यापासून निघाला. साहेबांना वाटले, हा चेष्टा करतो आहे. रहमानला वाटले, साहेब पाठ मोडतात म्हणजे आपले काही चुकते आहे. म्हणून तो दर वेळी अधिक शुद्ध आणि अधिक सावकाश म्हणू लागला.

त्या पाचव्या आरंभालाच तारयंत्र वाजले. अकोल्याकडून येणारी मिक्स्ड जऊळक्याहून सुटली होती. मिक्स्ड म्हणजे माल आणि उतारू यांची एकत्र गाडी. तिला यावयास फार तर वीस मिनिटे. त्या दिवशी आमच्या मेन लाइनीवर खडीचे डबे उभे होते. म्हणून गाडी लूपवर घ्यायची होती. जऊळक्याकडचा सांधा रहमानचा. तो अजून मेन लाइनीस लागलेला होता. गोमाजी वाशीमकडच्या टोकाला होता.

"रहमान, पुरे. गाडी सुटली. सांध्यावर जा," मी म्हणालो.

रहमानने माझ्याकडे अत्यंत व्यथित दृष्टीने पाहिले, हात जोडले, आणि सहाव्यांदा "मेन-लाइन् भवेदाद्या" म्हणत तो खोलीबाहेर पडला. मीसुद्धा पाठ मोडला होता.

"हा निघाला कुठे? परीक्षा संपली नाही!" साहेब छत्री घेऊन त्याच्यामागे धावले. मी साहेबांमागे.

मेन लाइनीपाशी रहमान क्षणभर उभा राहिला. खडीच्या डब्यांकडे बोट करून त्याने मान हलविली. "लूप-लाइन् द्वितीयका" म्हणत तो सांध्याशी पोहोचला, दांडा ओढला, जीभ रुळाला नीट चिकटली की नाही हे वाकून पाहिले, कुलूप घातले आणि किल्ली काढली. साहेब काही बोलण्यासाठी तोंड उघडीत होते. मी त्यांच्या मुखासमोर हात धरला. सबंध नोकरीत असे धाडस मी एकदाच केले.

"साहेब, क्षमा असावी. पण आता याला थांबवू नका. हा पुन्हा पहिल्यापासून येईल."

साहेबांनी सांध्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, आणि छत्री काखेत मारून ते रहमानच्या मागे चालू लागले.

"साइडिंग तृतीया स्यात्." रहमानने साइडिंगच्या डब्यांच्या चाकांखालचे अडकण पायाने चाचपले. "तार-लाइन् चतुर्थिका." त्याने मान वर करून तारा पाहिल्या. तारांकडे पाहणे हे त्याचे काम नव्हते. पण श्लोकात आले म्हणजे पाहिले पाहिजे, अशी त्याची श्रद्धा.

क्वार्टरांसमोर अनर्थ उभा होता. त्याची काळी बकरी लूपच्या रुळात चरत होती, आणि त्याची पत्नी जैनब ओट्यावर पाठमोरी बसून ज्वारी पाखडीत होती. तिला हाक मारावी तर पाठ मोडतो. रहमानने छातीत श्वास भरला आणि गर्जना केली, "क्वार्टराणां पुनः पंक्तिः!"

जैनब दचकून उठली, धावत आली आणि बकरीला शिंगाला धरून ओढीत घेऊन गेली. महिनाभर घरात तोच घोष ऐकूनही तिला भाषा कळत नव्हती, पण नवऱ्याचा स्वर कळत होता. "येड लागलं या माणसाले," एवढे ती जाता जाता म्हणाली.

फलाटावर शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शन करून आलेली मंडळी कडेला रुळाशी उभी होती. रहमान दोन्ही हात पसरून त्यांच्यावर चालून गेला. "टिकिटार्थं तथैव च!" मंडळी झटकन मागे सरली. एका वृद्ध गृहस्थांनी तर डोक्यावरचे पागोटे काढून नमस्कार केला.

शेवटी दाराशी वळून तो माझ्यासमोर आला. घामाने चिंब झालेला. "लाइन्-क्लिअर् महामंत्रो," असे म्हणून त्याने माझ्या खोलीतल्या यंत्राकडे बोट दाखविले आणि सांध्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. "विना येन न गाडिका."

मी वाशीमकडून लाइन क्लिअर मागितले. मिळाले. सिग्नल पाडला, म्हणजे गाडीस आत येण्याची खूण दिली. गाडी खडीच्या डब्यांच्या शेजारून, लूपवरून, संथपणे येऊन उभी राहिली.

"आता बोला साहेब," रहमान म्हणाला. "झाला पाठ."

साहेब खोलीत येऊन खुर्चीत बसले, वही उघडली. मग म्हणाले, "तू तारा का पाहिल्यास?"

"साहेब, सात सांगतल्या त सातही पाहा लागते. नाईतर सांगाचं कायले?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. मग एकाएकी माझ्याकडे वळले. "मास्तर, हे श्लोक तुमचे. सांगा पाहू, पाचवी लाइन कोणती?"

मी उत्तर देण्यास तोंड उघडले.  पण माझा अंगठा मोजण्यासाठी आपोआप करंगळीच्या पेरावर गेला, आणि माझ्या मुखातून निघाले, "मेन-लाइन् भवेदाद्या..."

दारात उभ्या असलेल्या गोमाजीने हसू दाबण्यासाठी पागोट्याचे टोक तोंडात कोंबले. साहेबांनी मात्र मला थांबविले नाही. शहाणा मनुष्य एकदाच शिकतो. ते दोन्ही श्लोक संपेपर्यंत शांतपणे बसले.

पंधरवड्याने शेरा आला. 'पॉइंट्समन शेख रहमान, पास. स्टेशन मास्तर यांस कोणताही प्रश्न मधून विचारू नये.'

रहमान पुढे त्याच क्वार्टरातून पेन्शनीत निघाला. बकऱ्या कोठेही गेल्या नाहीत. त्याच्या जागी जो आला त्याला मी श्लोक शिकविला नाही, रहमानने शिकविला.

पाठांतराचा दोष एवढाच, की त्याला मधले दार नसते. पुष्कळदा तोच त्याचा गुण ठरतो. आता पोस्टात गेलो की खिडकीतला कारकून ओरडतो, "आजोबा, लाइनीत उभे राहा!" मी उभा राहतो आणि मनात पहिल्यापासून आरंभ करतो. सहावीपर्यंत पोहोचतो तोवर बहुधा माझी पाळी आलेली असते.