पाहुण्यासारखा ट्रक

बाबांच्या बंद पडलेल्या जुन्या पेट्रोल ट्रकची गंजलेली टाकी काल बदलली. बाबा हिंडतेफिरते होते तेव्हा सारखे म्हणायचे, "टाकी बदलून घे, गंज कार्बोरेटरमध्ये उतरतोय." मी "बघू" म्हणायचो. आता ते खिडकीजवळ पडून असतात आणि मला ओळखत नाहीत. ट्रकचा आवाज तरी ओळखतील, एवढ्याच आशेनं मी हे काम काढलं.

दत्तू मिस्त्रींनी नवी टाकी बसवली, कार्बोरेटर धुतला. मी आत बसून स्टार्टर मारला आणि ते कान देऊन कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत राहिले. शेवटी इंजिन संथ, एकसारखं चालू लागलं.

खिडकीतून बाबांनी विचारलं, "कोण पाहुणे आले?"

मला वाईटही वाटलं नाही. आतलं काहीतरी कधीच बधिर झालं आहे. एवढंच मनात आलं, की घरातली माणसं आपण खोकल्यावरून, पाय घासत चालण्यावरून ओळखतो. सुरळीत चालणाऱ्याला ओळख कुठून असायची?

"मिस्त्री, जरा बिघडवा."

"आत्ता तर जमलं! डोकं फिरलं का तुमचं?" मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि स्क्रू उलटा फिरवला.

ट्रक पूर्वीसारखा अडखळला, ठसकला, बंद पडायला आला.

"चोक ओढ, गाढवा!" खिडकीतून आवाज आला.

'गाढव' असं बाबा फक्त मलाच म्हणायचे. आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. हात तेवढा चोककडे गेला.