दाजींची लाल फिल्म

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या कापड रंगवायच्या डाइंग हाउसच्या लॅबमध्ये मी शेड जुळवत उभा होतो, तेव्हा घरून फोन आहे म्हणून बोलावणं आलं. फोनवर भाची होती. "मामा, पप्पांना..." एवढंच बोलली. डिंडोलीला ताईच्या घरी पोहोचलो तोवर दाजी गेलेले होते. छातीत कळ आली, पाणी मागितलं आणि संपलं. याला आता दीड-दोन महिने होतील. पन्नाशीही न गाठलेला माणूस असा उठून जातो याचं दुःख नंतर होतं, आधी मला रागच येतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे पाटील सर. खान्देशातून आम्ही सगळे कापडाच्या मागे सुरतेला आलो. ते शिकवायला आले आणि शेवटी कापडाच्या रंगातच अडकले. एके दिवशी म्हणाले, "शालकबुवा, पॉलिस्टरला लावता तो डिस्पर्स लाल रंग द्या चिमूटभर. प्लास्टिकमध्ये कालवायचाय." मी दिली दुकानातली पावडर. तिच्यात निम्म्याहून जास्त भर असते, मीठ-क्षारांची, हे मला रोजचं, त्यांना नवीन. वीज लावताच त्या क्षारांमुळे मागच्या खोलीत ठिणग्या उडाल्या, प्लास्टिकची फिल्म जळाली आणि ताईनं दोघांनाही जेवायला उशिरा वाढलं. पुढे मी शुद्ध रंग आणून द्यायला लागलो.

काय करायचे ते? रंग कालवलेल्या पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर काचेवर द्यायचे, ती काच ताईच्या उलट्या ठेवलेल्या इस्त्रीवर तापवायचे आणि जुन्या टीव्हीतल्या ट्रान्सफॉर्मरचा विजेचा जबर दाब वरून सुईनं सोडायचे. गरम प्लास्टिकमध्ये रंगाचे रेणू सैल होतात, विजेच्या ओढीनं सरळ होऊन एका दिशेला तोंड करतात. मग वीज चालू ठेवूनच सगळं थंड करायचं, म्हणजे ते तसेच थिजतात. मध्येच लाइट गेली की दाजी कपाळाला हात लावून म्हणायचे, "पांगले सगळे." आणि आमच्याकडे लाइट जायला कारण लागत नाही. अशा फिल्मवर लेझरचा अगदी क्षणिक झोत पडला की तिच्यातून टेराहर्ट्‌झ लहर निघते, रेडिओ आणि उजेड यांच्या मधली. "साडीतून आरपार जाते बरं का," ते सांगायचे, "पण ओल्या साडीपाशी अडते." मी म्हणायचो, साडी ओली आहे का हे आमचा कारागीर बोट लावून सांगतो, फुकट. ते मनापासून हसायचे. त्या हसण्याची आता फार आठवण येते.

मागच्या वर्षी मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या मित्रानं त्यांना लेझरवर थोडा वेळ मिळवून दिला. दाजींच्या फिल्मनं लहर काढली. पकडली मात्र तिथल्या परदेशी स्फटिकानं. परत आल्यावर पेढे वाटले, पण स्वतः खाल्ला नाही. "अर्धं झालं," म्हणाले. "काढायचीही प्लास्टिकनं आणि पकडायचीही प्लास्टिकनंच. स्फटिक महाग, शिवाय लहरीतला काही भाग तो स्वतःच गिळतो." मग आणखी दोन फिल्म केल्या, एक काढणारी, एक पकडणारी. मुंबईची तारीख मिळाली. तयार फिल्म फार दिवस राहत नाही, सुरतेच्या उकाड्यात रेणू हळूहळू आपापल्या मर्जीनं वळतात, म्हणून त्यांनी दोन्ही काचा स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. आणि तारखेच्या आधीच्या आठवड्यात ते गेले. मुंबईच्या त्या तारखेला आम्ही तापीच्या काठावर दहाव्याला बसलो होतो. मुंबईच्या मित्राचा नंतर फोन आला. बिचारा रडत होता. पुढची वेळ पावसाळ्यानंतर, म्हणाला, आणि तोवर फिल्म टिकायची नाही हे त्यालाही ठाऊक होतं. दाजींचा हात इतका बसलेला होता की किती तापवायचं, सुई किती वर धरायची, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलंही नाही. त्यांची लहर त्यांच्याच फिल्मनं पकडली असती की नाही, हे आता कधीच कळणार नाही. ही हळहळ काही केल्या जात नाही.

परवा ताईकडे गेलो. फ्रिजमध्ये बर्फाचा थर साचला होता म्हणून तिनं तो बंद करून दार उघडं टाकलं होतं. दूध, भाजी सगळं ओट्यावर तसंच पडलेलं. ती मात्र ओल्या टॉवेलात गुंडाळलेला फिल्मचा डबा मांडीवर घेऊन पंख्याखाली बसली होती. मी म्हटलं, "ताई, शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवू का?"

"नको, आठेच ऱ्हाऊ दे," डबा मांडीवरच धरून ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, टॉवेल सारखा करत तिनं विचारलं, "भाऊ, अजून त्यामा थोडा तरी सरळ असतीन ना रे?"

"असतील, ताई," मी म्हटलं... आणि टॉवेल पुन्हा भिजवून आणायला उठलो.