चार ओळींचं उत्तर

शाळेतली मुलं तिला दुर्बीणबाई म्हणत, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याचा छडा लावायला तिने दोन वर्षं घालवली होती. तीस वर्षं चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली, आणि आता परीक्षांचे दिवस आले की कॉलेजांमध्ये पर्यवेक्षक म्हणून जायची. चित्रकलेमुळे तिला माणसांचे हात वाचता येत. हात कसा हलतोय यावरून माणूस काय करतोय हे तिला दहा बाकांवरून कळे. पोकळ पेनातली चिठ्ठी, बाटलीच्या लेबलाच्या आतल्या बाजूला लिहिलेल्या सनावळ्या, दुखऱ्या दाताच्या फडक्यात दडवलेली सूत्रं, सगळं तिने पकडलं होतं. एकाच्या हाताला प्लॅस्टर होतं आणि त्यावर मित्रांनी प्रेमाने केलेल्या सह्या होत्या. ही त्या सह्या वाचत बसली. त्यातल्या सात मित्रांची नावं प्राचीन काळच्या सात सम्राटांची निघाली.

घरीही काही वेगळं नव्हतं. आणलेली भाजी घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. दूध नाकाशी धरल्याशिवाय पातेल्यात ओतायचं नाही. बहिणीने सहज म्हणून फोन केला तरी हिचा पहिला प्रश्न, "काय हवंय तुला?" नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. खालच्या दुकानात खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेला असायचा. गरीब गाय होता अगदी. कधी काम करता करता तो काही गुणगुणला, की हिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची.

"आज एवढे खुशीत कशाने?"

"चाक बसलं नीट," तो म्हणायचा.

मग कुठलं चाक, कोणाचं घड्याळ, आणून दिलं कोणी, ही सगळी उलटतपासणी झाल्यावरच ती जिना चढायची. त्या बिचाऱ्याने हळूहळू गुणगुणणंच सोडून दिलं. तिला त्याचं मनापासून वाईट वाटलं. पण हा एकाएकी गप्प का झाला, याचाही तिला थोडा संशय होताच.

त्या दिवशी तिला तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली मिळाली. एक लांब टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळून उभे केलेले नकाशे, आणि एकच परीक्षार्थी. त्याला दिसत नव्हतं, म्हणून सोबत लेखनिक. पेपर जगाच्या इतिहासाचा होता, आरंभीच्या मानवी समाजांपासून आधुनिक युगाच्या उंबरठ्यापर्यंतचा. एक सांगणार, दुसरा लिहिणार, आणि खोलीचं दार बंद. दुर्बीणबाईच्या दृष्टीने कॉपी करायला याहून सोयीची व्यवस्था जगात नव्हती.

परीक्षार्थी बत्तीस वर्षांचा, एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. लेखनिक साठीच्या पुढचा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात टोक काढलेल्या तीन पेन्सिली. कुठल्याशा कचेरीत स्टेनो म्हणून चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला. तिने दोघांची ओळखपत्रं उजेडाकडे धरून पाहिली.

"तुमचं नातं काय?"

"नातं नाही, मॅडम. काका शेजारी राहतात," परीक्षार्थी म्हणाला. "माझ्यासाठी येतात. एक पैसा घेत नाहीत."

एक पैसा घेत नाही म्हटल्यावर तर तिने कान टवकारले.

"याआधी बसला होतात या पेपरला?"

"दोनदा. दोन्ही वेळा नापास. बाकी सगळे विषय सुटलेत." तो जरा थांबला. "ही शेवटची संधी. मी ज्या शाळेत शिकलो तिथे इतिहास शिकवायची जागा आहे. त्यांनी ती माझ्यासाठी याच वर्षापुरती थांबवून ठेवलीय."

"दोन्ही वेळा लेखनिक हेच?"

"हेच."

म्हणजे दोनदा आपटी खाल्ली, आता तिसऱ्यांदा तयारीनिशी आलेत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. खुर्ची मागे ओढून ती दोघांचे हात दिसतील अशी बसली.

पहिला प्रश्न होता शेतीने माणसाचं जगणं कसं बदललं. परीक्षार्थीने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि तो बोलू लागला. "शिकार करून, कंदमुळं खणून जगणारा माणूस आज इथे तर उद्या तिथे असायचा. धान्य पेरलं आणि त्याचे पाय बांधले गेले. पीक येईपर्यंत त्याला थांबावं लागलं. पीक आलं तर ते साठवावं लागलं, साठवलं तर राखावं लागलं, आणि राखणारा माणूस एक दिवस मालक होऊन बसला." असा तो बारा मिनिटं बोलला. अडखळला नाही. दुर्बीणबाईने जन्मात इतिहासाचं पुस्तक आपणहून उघडलं नव्हतं, पण त्या राखणदाराचं पुढे काय झालं हे तिलाही ऐकावंसं वाटलं. आणि ऐकता ऐकता तिची नजर लेखनिकाच्या कच्च्या कागदावर गेली.

कागदावर अक्षरं नव्हतीच. आकडे, वेलांट्या, टिंबं, तुटक शेपट्या. ती ताडकन उठली.

"ही कसली सांकेतिक भाषा?"

"शॉर्टहँड आहे, मॅडम," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आधी हे उतरवून घेतो, मग उत्तरपत्रिकेत पक्कं लिहितो."

"वाचून दाखवा."

त्याने वाचून दाखवलं. शब्दन् शब्द बरोबर होता, मधला एक खोकलाही त्याने सोडला नव्हता. परीक्षार्थी हसला. "काका नेहमी असं वाचून दाखवतात. माझंच बोलणं मला परत ऐकू येतं." दुर्बीणबाईला मुकाट्याने खाली बसावं लागलं. तोंडावर आपटल्यासारखं झालं तिला.

मग म्हाताऱ्याने उत्तरपत्रिका पुढे ओढली, पेन उघडलं आणि पक्कं लिहायला घेतलं. दोन मिनिटांत त्याने पेन खाली ठेवलं. "हं. दुसरा प्रश्न," तो म्हणाला.

बारा मिनिटांचं बोलणं आणि दोन मिनिटांचं लिहिणं. तिने त्याचा हात पाहिला होता. हात उजवीकडे गेला आणि डावीकडे परतला, असं चारदाच झालं होतं. म्हणजे चार ओळी. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

पण पाणी कोणाच्या फायद्याचं, हे तिला उमगेना. तिने आजवर पकडलेल्या प्रत्येक लबाडीत कोणाचा तरी फायदा होता. आणि खात्री नसताना हात घालायचा नाही ही तिची रीत. चोर पुरता अडकू द्यायचा, मग मनगट धरायचं. शिवाय उत्तरं वाचायची पर्यवेक्षकाला मनाई होती. म्हणून ती थांबली. दुसरा प्रश्न झाला, तिसरा झाला. तो बोलत राहिला, म्हातारा मान डोलवत ऐकत राहिला, आणि हात प्रत्येक वेळी चार-पाचदाच परतत राहिला.

चौथा प्रश्न लेखनकलेचा होता. "लिहिणं जन्मलं ते काव्यासाठी नाही," परीक्षार्थी सांगत होता, "कोठारातली पोती मोजायला जन्मलं. लिहिणारे मूठभर होते. बऱ्याच राजांनाही वाचता येत नसे. राजा बोलायचा, लेखनिक लिहायचा, आणि शंभर कोसांवर जे पोचायचं ते लेखनिकाचं. राजाला ते कधी कळतही नसेल."

म्हाताऱ्याने हे सगळं तन्मयतेने उतरवून घेतलं आणि पक्कं लिहायला लागला. आता मात्र दुर्बीणबाईला राहवेना. मनाई गेली खड्ड्यात, असं म्हणून ती पाय न वाजवता त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने वाचलं. मोत्यासारखं अक्षर होतं. "लेखनकलेमुळे राज्यकारभार सुलभ झाला. नोंदी ठेवणे सोयीचे झाले. सबब लेखनिकांस महत्त्व प्राप्त झाले."

राजा नव्हता, पोती नव्हती, शंभर कोस नव्हते.

"वाचून दाखवा त्यांना," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने सवयीने कच्चा कागद उचलला.

"तो नाही. उत्तरपत्रिकेतलं वाचा. पहिल्यापासून."

"तेच आहे, मॅडम."

"मग वाचायला काय हरकत आहे?"

त्याने परीक्षार्थीकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं, आणि वाचलं. "शेतीमुळे मनुष्य स्थिर झाला. धान्याचा संचय होऊ लागला. संचयाच्या रक्षणार्थ राजा व सैन्य आले. परिणामी नगरे वसली."

परीक्षार्थी मान किंचित तिरकी करून वाट पाहत होता. "पुढे?" त्याने विचारलं.

"एवढंच," म्हातारा म्हणाला.

"पंधरा मार्कांचा प्रश्न आहे, काका."

"अरे, तुझं बोलणं फार पाल्हाळिक होतं. आमच्या साहेबांचंही व्हायचं. मी उतरवून घ्यायचो, त्यांना त्यांचंच वाचून दाखवायचो, आणि टाइप करताना आटोपशीर करायचो. चाळीस वर्षांत माझ्या एका पत्राला कोणी नाव ठेवलं नाही."

"साहेब टाइप केलेलं वाचायचे?"

"सही करायचे," म्हातारा म्हणाला, आणि मग त्याचा स्वरच उतरला. "तुला मार्क पडावेत म्हणूनच रे. तपासणाऱ्याला सुटसुटीत आवडतं असं मला वाटलं."

"मागच्या दोन्ही वेळाही असंच लिहिलंत?" परीक्षार्थीने विचारलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. ती त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन मग तो "हो" म्हणाला. परीक्षार्थीचे तळवे टेबलावर तसेच होते, फक्त बोटं वळली होती.

दुर्बीणबाईने घड्याळ पाहिलं. सव्वा तास उरला होता, आणि पाचही उत्तरं लिहायची होती. पहिल्या चार ओळींनाच तिला संशय आला होता. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर आणखी पाऊण तास हाती आला असता. रंगेहाथ पकडायच्या हौसेपायी तिने त्याचा तो वेळ खाल्ला होता, आणि आता स्वतःचीच लाज वाटून तिचे कान तापले.

"मी लिहितो सगळं पुन्हा, जसंच्या तसं," म्हातारा म्हणाला. त्याने उत्तरपत्रिकेचं नवं पान काढलं.

"तुम्ही नको, काका," परीक्षार्थी म्हणाला. रागाने नाही, थकून. "मॅडम, दुसरा लेखनिक मिळेल?"

"अर्ज, चौकशी, मंजुरी. आजचा पेपर हातचा जाईल." तिने खुर्ची टेबलाशी ओढली. पर्यवेक्षकाने उत्तरपत्रिकेत एक टिंब जरी काढलं तरी तो गुन्हा होता. या गुन्ह्याखाली तिने स्वतः एका पर्यवेक्षकाला कामावरून काढायला लावलं होतं. "मी लिहिते. माझा हात भराभर चालतो. अहवालात सगळं खरं देईन, मीच लिहिलं असं. पुढचं माझं मी बघेन. तुम्ही फक्त सांगा."

परीक्षार्थीने तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "काकांना मी सात वर्षं ओळखतो. तुमचा आवाज आज सकाळी पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्यावर संशयच घेताय. मी सांगेन तेच तुम्ही लिहाल, हे मी कशावरून समजू?"

वाचून दाखवीन, असं ती म्हणणार होती. पण वाचून तर म्हाताऱ्यानेही दाखवलं होतं. हे शेजारी बसून बघतील, असं म्हणावं तर शेजारी बसायला तोच म्हातारा. आयुष्यभर तिने भाजीवाल्याकडे, बहिणीकडे, नवऱ्याकडे, रडणाऱ्या पोरापोरींकडे पुरावा मागितला होता. ते सगळे असेच समोर उभे राहिले होते, आणि त्यांच्याजवळही तोंडच्या शब्दापलीकडे काही नव्हतं. त्यांना काय वाटलं असेल हे तिला आज साठाव्या वर्षी कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्याला दिसत नव्हतं, तेव्हा पुरावा म्हणून त्याचाही उपयोग नव्हता.

"कशावरूनच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कळायला काहीच मार्ग नाही."

त्याने खिडकीकडे तोंड केलं. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. म्हातारा भिंतीकडे पाहत बसला होता.

"बरं, लिहा," परीक्षार्थी शेवटी म्हणाला. "पहिला प्रश्न."

तो भराभर सांगू लागला आणि ती भराभर लिहू लागली. राखणदार मालक झाला ते लिहिलं, पोती लिहिली, न वाचता येणारा राजा लिहिला. बोटं आखडली तरी ती थांबली नाही. शेवटचा प्रश्न छपाईचा होता. एकच मजकूर हजार जणांच्या हाती गेला आणि लोकांना तो ताडून पाहता येऊ लागला, असं त्याने सांगितलं. आणि तेच वाक्य त्याने लगेच पुन्हा एकदा सांगितलं. घाईत सांगितलं की मुद्दाम, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. पेन क्षणभर अडलं.

मग तिने ते वाक्य दुसऱ्यांदा लिहिलं, अगदी होतं तसं.