धारेची सबब

नात बारावीला आहे. परवा ओट्यावर बसून इंग्रजी घोकत होती. "मिस आउट, मिस आउट." मी चौथी शिकलेला. विचारलं, "म्हंजी काय गं?"

"आबा, एस्टी चुकली तर नुसतं मिस. पण तिकडं सगळे मजा करतायत, आपल्यालाबी जाता येत होतं आणि आपण गेलोच नाही, तर मिस आउट. सहलीला नाही गेलं की म्हणतात तसं. तुमी द्या बरं एक उदाहरण."

"मला न्हाई येत," म्हणून उठलो. येत होतं.

बायकोच्या माहेरची जत्रा. लग्नाला पन्नास वर्षं झाली, तिथं जोडीनं एकदाही गेलो नाही. दर चैत्रात ती म्हणायची, "अवो, औंदा तरी चला की. शेजारी बसून जाऊ एस्टीत."

"धार कोन काढील? गाय परक्या हाताला पान्हा सोडत न्हाई."

शेजारचा गडी म्हणायचा, मी काढतो. त्यालाही तेच. गाई बदलल्या, सबब बदलली नाही. खरं सांगतो, सासुरवाडीत नुसतं बसून राहायचा मला कंटाळा. बाकी काही नव्हतं. ती एकटी जायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी रेवड्या घेऊन यायची.

मग ती आजारी पडली. नगरच्या दवाखान्यात मी आठ दिवस तिच्या उशाशी. गाय शेजाऱ्याकडं. नवव्या दिवशी तो भेटायला आला आणि कौतुकानं म्हणाला, "दादा, गाय लई गुनाची. एक दिवसबी लात उचलली न्हाई. दूधबी तेवढंच."

ती जागी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. वाटलं, आता शिव्या घालील. घालायला पाहिजे होत्या.

"बरं झालं," ती म्हणाली, "मुक्या जनावराचे हाल न्हाई झाले."

दोन दिवसांनी ती गेली. त्या महिन्यातच मी गाय विकून टाकली.

या चैत्रात जत्रेला गेलो. मेव्हण्याच्या बायकोनं ताट वाढलं आणि पदर डोळ्याला लावला. "दाजी, वन्सं दर साली सांगायच्या, पुढच्या खेपेला येनार हायेत म्हनून. आमी हसायचो. त्या चिडायच्या. म्हनायच्या, येतील, तुमाला काय ठावं त्यांचं."

आलो होतो मी. सांगू कुणाला?