दुसरा रिपोर्ट

पेशीतले काही आरएनए प्रथिनं बनवत नाहीत. पूर्वी त्यांना कचराच समजत. आता कळलंय, की त्यांतले काही गाठ वाढवतात, काही तिला आवरतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कोणते वाढतात, हे मी नांदेडच्या प्रयोगशाळेत मोजत होते. त्यासाठी दवाखान्यात तपासणीला काढलेल्या गाठीचा एक जादा तुकडा लागायचा, आणि रोग्याची सही.

देगलूरचे एक टेलरचाचा बायकोला घेऊन आले होते. चाचींना वर्षानुवर्षं मिसरीची सवय. गालात आतून चट्टा पडलेला. मी घाईत होते. म्हटलं, "या तुकड्यावरून पुढं कोणतं औषध चालेल ते कळेल." पुढं म्हणजे कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच कुणाला, हे बोलले नाही. चाचींनी सही केली.

महिन्याभरानं चाचा प्रयोगशाळेच्या दारात उभे. "मॅडम, आपला रिपोर्ट झाला का?"

"काम चालू आहे," मी म्हणाले. पुढच्या खेपेलाही तेच. असा रिपोर्ट रोग्याला द्यायचाच नसतो, एवढं साधं वाक्य सांगायचं मी टाळत राहिले.

तिसऱ्या खेपेला मी सहज विचारलं, "ऑपरेशन कसं झालं?"

"कुठलं ऑपरेशन? पहिला रिपोर्ट बघून डॉक्टर तारीख देऊन राहिले होते. मीच म्हणलो, मॅडमचा दुसरा रिपोर्ट येऊ द्या. उगं चुकीची दवा नको."

दुसऱ्याच दिवशी चाचींना दवाखान्यात आणवलं. तोवर मानेत गाठी आल्या होत्या. ऑपरेशनची वेळ गेली, डॉक्टर म्हणाले, आणि शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला लातूरला पाठवलं. शेक पुरे व्हायच्या आतच त्या गेल्या.

माफी मागायला मी देगलूरला गेले. चाचा मशीनवर बसले होते.

"माझं चुकलं. मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं."

त्यांनी मशीन थांबवली. "त्या तुकड्यात निघालं काय?"

"एक आरएनए खूप वाढलेला होता."

"त्याच्यावर दवा हाय?"

"अजून नाही."

"मंग आमाला कशाला थांबवलं?"

मी थांबवलं नव्हतं, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

परत आल्यावर मी संमतीपत्रावर ठळक अक्षरांत एक ओळ घातली: या तुकड्याचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही, उपचार थांबवू नका. माझ्या पीएचडीच्या सरांनी ती वाचली. "असं लिहिलंस तर तुकडे कोण देईल?" म्हणाले आणि खोडून टाकली.

ती ओळ नसलेलंच संमतीपत्र मी छापायला दिलं. माझा प्रबंध त्यांच्याच हातात होता.