राउटरची पूजा

भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोडाऊनपासून हायवेपर्यंत ट्रक उभे होते. डिलिव्हरीच्या पावत्या मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या सर्व्हरवरून निघायच्या, आणि ती लाइन सकाळपासून बंद होती. दसऱ्याचा दुसरा दिवस, सुट्टीनंतर गोडाऊन नुकतंच उघडलं होतं. तिथलं नेटवर्क आमची कंपनी सांभाळायची. मी ठाण्याहून पोचलो तर मॅनेजर साळवी दारातच उभे.

"काशिनाथने राउटर बंद केला होता. पूजा करायला. बोला आता."

काशिनाथ पाटील तिथले इलेक्ट्रिशियन. गोडाऊनची जमीन मूळची त्यांच्या घरची. ती देताना घरातल्या एकाला नोकरी, असं तोंडी ठरलं होतं. खंडेनवमीला संध्याकाळी काम संपल्यावर त्यांनी वजनकाटा, जनरेटर, फोर्कलिफ्ट सगळं पुसून हळदकुंकू वाहिलं होतं. राउटरवरचं झेंडूचं फूल अजून तसंच होतं.

"सायेब, चालू मशिनला वला फडका कसा मारनार? युपीएस बंद केला, पूजा केली, परत चालू केला. सगले दिवे लागले व्हते," काशिनाथदादा म्हणाले.

मी लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर जुन्या लाइनचा पत्ता दिसला, जो मीच बदलला होता.

राउटरमध्ये सेटिंगच्या दोन प्रती असतात. एक चालू, दुसरी स्टार्टअपची. आपण केलेला बदल चालू प्रतीत लगेच लागू होतो. पण तो स्टार्टअपमध्ये लिहून ठेवला नाही, तर वीज गेल्यावर राउटर तो विसरतो आणि जुनं वाचून उठतो. लिहून ठेवायला एक कमांड लागते. पूर्वी एकदा चुकीची सेटिंग सेव्ह करून मी हात पोळून घेतले होते. तेव्हापासून आधी चालवून बघायचं, मग सेव्ह करायचं, ही माझी सवय. तीन आठवड्यांपूर्वी इथे नवी लाइन जोडली, ती चालली, साळवींनी चहाला बोलावलं. सेव्ह राहिलं. भिवंडीचं लोडशेडिंग युपीएसने झेललं, म्हणून माझी चूक इतके दिवस झाकून राहिली.

डायरीतून बघून सगळं पुन्हा टाइप केलं. वीस मिनिटांत पावत्या सुरू झाल्या. या वेळी सेव्ह केलं.

साळवींनी विचारलं, "म्हणजे बंद केल्यामुळेच झालं ना?"

"बंद झाल्यामुळे सेटिंग गेली," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. त्यामागचं दुसरं वाक्य मी गिळलं. आमच्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. काशिनाथदादा माझ्याकडे बघत होते. मी केबल गुंडाळत राहिलो.

"मंजे माज्यामुलंच झालं," ते हळूच म्हणाले. मी तेव्हाही 'नाही' म्हटलं नाही. नेभळट होतो, दुसरं काय.

पुढच्या व्हिजिटला तिथे नवा इलेक्ट्रिशियन होता. तोंडी ठरलेल्या नोकरीला कागद नव्हता, काढायला कारण हवं होतं, ते मी पुरवलं. काशिनाथदादा जवळच्याच पूर्णा गावात कुठल्याशा गोडाऊनवर वॉचमन झाल्याचं कळलं. आमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं.

आता मी प्रत्येक राउटरवर सेव्हची कमांड दोनदा देतो. वडप्याला तेव्हा एकदा दिली असती तर पुरलं असतं. नाहीतर साळवींसमोर एक वाक्य बोललो असतो, तरी पुरलं असतं.